एअर रायफलचा नेम कुठं बिघडतो? छर्ऱ्याचा वेग आणि बॅरल समजून घ्या

पहिली एअर रायफल घेताना मी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला होता, "हिचा वेग किती?" त्यानं खोक्यावर बोट ठेवलं, सेकंदाला १,००० फूट, आणि मी पैसे मोजले. सांगलीच्या हरिपूर रस्त्याला मामांचं हळदीचं जुनं गोदाम आहे. आतून चौदा मीटर लांब, त्यामुळं १० मीटरवर कागद लावायला अडचण नव्हती. पहिले पाच छर्रे मारले. चार तळहाताएवढ्या जागेत विखुरले, पाचवा कागदावर सापडलाच नाही. पुढचे तीन महिने हात, श्वास, उभं राहणं, सगळं बदलून बघितलं. कागद सुधारला नाही, कारण दोष जिथं होता तिकडं मी बघतच नव्हतो.

आज सांगली-मिरजेतली पोरं नवी रायफल घेऊन गोदामात येतात, तेव्हा त्यांचाही पहिला प्रश्न वेगाचाच असतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. एक गोष्ट आधीच पक्की धरा. छर्रा किती जोरात जातो यापेक्षा दर वेळी तेवढ्याच जोरात जातो का, आणि तो बाहेर पडतो त्या क्षणी बॅरलचं तोंड दर वेळी त्याच जागी असतं का, यावर नेम ठरतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांसाठीच आहेत. (क्लबात छर्ऱ्याला पेलेट म्हणतात, डबीवरही तेच लिहिलेलं असतं. मी घरातला शब्द वापरतो.)

आधी हाताशी काय हवं

४.५ मिमी, म्हणजे ०.१७७ इंच कॅलिबरपर्यंतची (कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आत ऊर्जा असलेली एअर रायफल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. ही मर्यादा शस्त्र नियम २०१६ मध्ये दिलेली आहे. त्यापेक्षा मोठं कॅलिबर किंवा जास्त ताकद असेल तर परवाना लागतो.

कागदपत्रं:
- खरेदीसाठी आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो
- पक्कं बिल. त्याची एक प्रत रायफलच्या केसमध्ये कायम असू द्या. प्रवासात रायफल रिकामी आणि केसमध्ये बंदच ठेवा
- स्पर्धेत उतरायचं असेल तर जन्मतारखेचा दाखला आणि क्लबचं सदस्यत्व. क्लब, जिल्हा संघटना, महाराष्ट्र रायफल असोसिएशन आणि मग नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, अशी ही वाट आहे

साहित्य:
- डोळ्यांसाठी मजबूत चष्मा, तुम्हाला आणि शेजारी उभं राहणाऱ्यालाही
- छर्रे अडवायला पेटी. मी लोखंडी डब्यात शाडूची ओली माती भरतो, वरून जुनं कार्पेट टांगतो. वीट, फरशी किंवा कडक लाकूड मागे ठेवू नका, छर्रा उलटून अंगावर येतो
- टेकूसाठी पिशवी. जुन्या जीन्सच्या पायात ज्वारी भरून दोन्ही टोकं शिवली की काम झालं
- व्हर्नियर कॅलिपर, वही, पेन्सिल
- क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र. महाग वाटलं तर चार जणांत मिळून घ्या, रोज लागत नाही
- ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, निदान एका दुपारीपुरता उसना

आणि एक सांगायलाच हवं. परवाना लागत नाही म्हणजे हे खेळणं नव्हे. छर्रा शेकडो मीटर जाऊ शकतो. कृष्णाकाठच्या पाखरांवर नेम धरणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. ज्याला तेवढ्यासाठीच रायफल हवी आहे त्याला मी गोदामाच्या दारातूनच परत पाठवतो.

१. खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवा

अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये याच प्रकारात जगज्जेता झाला. या प्रकारातल्या रायफली छर्रा साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद वेगानं सोडतात. फुटांत सांगायचं तर ५६० ते ५७५. माझ्या खोक्यावर १,००० होते.

(इथं एक गैरसमज वारंवार भेटतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून पोरं "स्वप्नीलसारखी रायफल" मागतात. ते पदक ५० मीटर थ्री पोझिशन्समधलं. ती .२२ ची, काडतुसाची रायफल. तिला परवाना लागतो आणि तिचं गणितही निराळं.)

कमी वेगाची रायफल जास्त अचूक का असते? पहिलं कारण छर्ऱ्याच्या घाटात आहे. छर्रा मध्ये कमरेपाशी बारीक असतो, मागं घेरदार आणि पोकळ. हवा मागून रेटते तेव्हा तो मऊ घेर फुगून बॅरलला घट्ट बसतो, म्हणून हवा निसटत नाही. हा घाट मध्यम वेगासाठी आहे. २० अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. छर्रा त्याच्या जवळ पोचू लागला की भोवतालच्या हवेचा दाब असमान होतो आणि तो डगमगायला लागतो.

दुसरं कारण, खोक्यावरचे मोठे आकडे बहुतेकदा हलक्या, शिसं नसलेल्या छर्ऱ्यांनी काढलेले असतात. नेहमीचा ०.५३ ग्रॅमचा शिशाचा छर्रा २७५ मीटर वेगानं गेला की त्याची ऊर्जा २० ज्यूल भरते, म्हणजे कायद्याची मर्यादा तिथंच संपते. त्यामुळं शिशाच्या छर्ऱ्यानं ३०० च्या पुढचा वेग कुणी सांगत असेल, तर एक तर आकडा फुगवलेला आहे किंवा रायफलला परवाना लागतो.

२. तुमच्या रायफलचा खरा वेग मोजा

क्रोनोग्राफवरून एकाच डबीतले दहा छर्रे मारा. प्रत्येक आकडा लिहा. सरासरी काढा, पण खूण करायची ती सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान आकड्यातल्या फरकाला.

आता तो फरक कागदावर किती दिसतो ते बघू. हवेचा अडथळा बाजूला ठेवून ढोबळ हिशोब करतो. १७० मीटर वेगाच्या छर्ऱ्याला १० मीटर जायला जवळपास ६ शतांश सेकंद लागतात. तेवढ्यात तो १७ मिमी खाली येतो. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, लावताना आपण हे भरून काढलेलं असतंच. पण एखादा छर्रा १६० नं गेला तर तो १९ मिमीहून थोडा जास्त खाली येईल. म्हणजे १० मीटर वेग घटला की कागदावर २ मिमीची घसरण. स्पर्धेच्या टार्गेटवर एका रिंगेपासून पुढच्या रिंगेचं अंतर २.५ मिमी आहे आणि दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा. दशांश गुण मोजले जातात तिथं ०.२५ मिमीला ०.१ गुण जातो. तेव्हा वेगातला प्रत्येक मीटर साधारण ०.२ मिमी, हे लक्षात ठेवलं की पुरे.

अंतर वाढलं की हे झपाट्यानं वाढतं. २० मीटरवर तोच १० मीटर वेगाचा फरक जवळजवळ ९ मिमीची घसरण देतो.

माझ्या त्या पहिल्या रायफलचे आकडे वहीत अजून आहेत. सर्वात मोठा २६८, सर्वात लहान २५१. फरक १७. वाईटच. पण हिशोब केला तर १० मीटरवर यानं जेमतेम १ मिमी फरक पडायला हवा होता, आणि माझे छर्रे ४० मिमीत पसरत होते. उरलेले ३९ मिमी कुठून आले, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट पडला. त्यातले काही छर्ऱ्याचे होते. बहुतेक बॅरलचे आणि धरण्याचे.

३. छर्रे निवडा, आणि मग त्यांना जपा

सराफ कट्ट्यावर माझ्या ओळखीचे एक सराफ आहेत. त्यांच्या काट्यावर एका दुपारी मी दोन डब्यांतले पन्नास-पन्नास छर्रे मोजले. स्वस्त डबीतले ०.४९ पासून ०.५६ ग्रॅमपर्यंत निघाले. मॅचच्या, म्हणजे स्पर्धेच्या छर्ऱ्यांच्या डबीतले सगळे ०.५३ च्या आसपास, फरक फक्त तिसऱ्या दशांशात. सराफ चष्मा वर करून म्हणाले, "अहो, हे तर आमच्या मण्यांपेक्षा सारखे आहेत." तेवढ्याच हवेनं ढकललं तर ०.४९ आणि ०.५६ च्या छर्ऱ्यांच्या वेगात १७० च्या रायफलमध्ये ११ मीटरचा फरक पडतो. वर सांगितलेला हिशोब लावा. एक रिंग गेली, आणि तुमच्या हातून काहीच चुकलेलं नाही.

काय बघायचं:

तोंड. कागदावरच्या नेमबाजीला चपट्या तोंडाचे छर्रे घ्या. ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात, गुण मोजताना वाद होत नाही. गोल तोंडाचे लांबच्या अंतराला बरे.

डोक्याचा व्यास. चांगल्या डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असा आकडा असतो. फरक केसाएवढाही नाही, पण बॅरलला तो कळतो. कुठला बसेल हे सांगता येत नाही, मारूनच बघावं लागतं. एचअँडएन, आरडब्ल्यूएस, जेएसबी यांच्या मॅच छर्ऱ्यांच्या एकेक डबीनं सुरुवात करा.

लॉट नंबर. जमलेल्या डबीचा लॉट, म्हणजे ती कुठल्या खेपेत बनली तो नंबर, वहीत लिहा आणि त्याच लॉटच्या आणखी डब्या घेऊन ठेवा. कंपनी तीच, नाव तेच, पण लॉट बदलला की ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, बदललेला मी दोनदा पाहिला आहे.

घेर. मागची कड दुमडलेली असेल तर तो छर्रा बाजूला काढा. बॅरलमधून बाहेर पडताना शेवटी हवा सोडते ती हीच कड. ती एका बाजूला दबलेली असेल तर हवा त्या बाजूनं आधी निसटते आणि छर्ऱ्याला कलता धक्का बसतो.

सगळ्यात जास्त छर्रे खराब होतात ते प्रवासात. एकदा कोल्हापूरला स्पर्धेला एसटीनं गेलो, डबी पाठीवरच्या पिशवीत सुटी होती. उघडली तर तळाला शिशाची करडी भुकटी आणि दर चार-पाच छर्ऱ्यांमागे एकाची कड चेपलेली. तेव्हापासून डबीत स्पंजची चकती घालतो, आतला आवाज बंद होईपर्यंत.

छर्रे तोंडात धरू नका. लहानपणी गोट्या धरायचो तसे काही जण ओठात चार छर्रे धरून एकेक भरतात. हे शिसं आहे आणि शिसं अंगात साठतं. सराव संपला की साबणानं हात धुवा, त्याआधी शेंगदाण्यालाही हात लावू नका. गोदामात मी कुणाला चहासुद्धा पिऊ देत नाही.

४. बॅरल थरथरतं, हे मान्य करा

शाळेत बाकाच्या कडेला फूटपट्टी दाबून धरून टोकाला टिचकी मारायचो, आठवतंय? एक टोक घट्ट, दुसरं मोकळं आणि थरथरणारं. बॅरल तसंच आहे. मागं ते रायफलच्या अंगात बसवलेलं असतं, पुढचं तोंड मोकळं. चाप ओढला की आतला हातोडा किंवा पिस्टन सुटतो, त्याचा ठोका बसतो, हवा मुसंडी मारते आणि छर्रा आट्यांमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये, घुसून फिरायला लागतो. मॅच बॅरलच्या आट्या साधारण ४५० मिमीत एक फेरा देतात, म्हणजे १७० मीटर वेगाला छर्रा सेकंदाला पावणेचारशे गिरक्या घेतो. हे सगळं चालू असताना बॅरलचं तोंड वर-खाली थरथरत असतं आणि छर्रा अजून आतच असतो, तीन-चार मिलिसेकंद.

थरथर डोळ्यांना दिसत नाही, पण तिचा हिशोब सोपा आहे. रायफल साधारण १ मीटर लांब धरा. मागचा भाग जागेवर राहून तोंड ०.१ मिमी हललं, म्हणजे एका साध्या कागदाच्या जाडीएवढं, तर १० मीटरवर छर्रा १ मिमी सरकतो. दहा पट.

इथंच वेग आणि बॅरल एकत्र येतात. वेग सारखा असेल तर छर्रा दर वेळी थरथरीच्या त्याच क्षणी बाहेर पडतो. तोंड वर असेल तर वर, पण रोज तेवढंच वर, आणि साइट फिरवून ते जुळवता येतं. वेग बदलला की तो वेगळ्या क्षणी सुटतो. म्हणून कागदावरची घसरण नुसत्या वेगाच्या हिशोबापेक्षा जास्त दिसते.

हे मला नीट कळलं ते मिरजेत. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथं सतारी-तंबोरे घडवायला सुरुवात केली, आणि ती परंपरा आजही चालू आहे. तिथल्या एका वयस्कर कारागिरांकडं मित्राचा तंबोरा आणायला गेलो होतो. बोलता बोलता माझं रडगाणं सांगितलं. तेव्हा मी सिलिंडरची, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी, दुसरी रायफल घेतली होती, आणि तिचा नेम सकाळी एक आणि तासाभरानं दुसरा लागायचा. चाचांनी तार छेडली आणि भोपळ्याला शर्टाची बाही नुसती टेकवली. आस, म्हणजे मागं रेंगाळणारा नाद, लगेच मिटली. म्हणाले, "तार तीच, ताण तोच. तुझ्या नळीला कोण हात लावतंय ते आधी बघ."

घरी येऊन पोस्टकार्ड घेतलं आणि बॅरलच्या खालून सरकवलं. अर्ध्यात अडकलं. बॅरल आणि खालचं हवेचं सिलिंडर यांना जोडणारी एक कडी होती. सिलिंडर भरलेलं असताना किंचित फुगतं, रिकामं होत जाताना आकसतं, आणि कडीतून बॅरलला ढकलत राहतं. २०० बार दाबाला आणि १२० बार दाबाला माझा नेम ४ मिमीनं वेगळा लागत होता. हवा पूर्ण काढून जाणकार मेकॅनिककडून कडी सैल करून घेतली. त्याच आठवड्यात नेमाचं सरकणं थांबलं.

तेव्हा हे तपासा:
- बॅरल आणि दस्ता (रायफलचा धरायचा, खांद्याला लावायचा भाग) यांच्यामधून पोस्टकार्ड मोकळं सरकतं का
- टेकूवर रायफल दस्त्याच्या पुढच्या भागावर टेकवता ना? बॅरल टेकवून मारलेला कागद सरळ फेकून द्या
- बॅरलवर काही नवीन लावलं, वजन, नळी, वेगळी पुढची साइट, तर थरथर बदलते. नेम नव्यानं जुळवा
- रायफल उन्हात पडली होती का. एअर रायफलचं बॅरल छर्रे मारून तापत नाही, पण मे महिन्याच्या सांगलीच्या उन्हात एका बाजूनं तापलेलं पोलाद वाकतं. सावलीत आणून अर्धा तास जाऊ द्या

५. स्प्रिंगची रायफल सैल धरा

नवशिक्यांकडं बहुतेक स्प्रिंगचीच असते, म्हणून हे जरा नीट वाचा. चाप ओढला की जड पिस्टन पुढं धावतो आणि रायफल मागं येते. पिस्टन हवेवर आदळून थांबतो तेव्हा रायफल पुढं झटका घेते. हे दोन्ही धक्के छर्रा आत असतानाच बसतात. तुम्ही जितकी घट्ट धराल तितका तुमचा हात त्या धक्क्यात ढवळाढवळ करणार, आणि हाताचा जोर दर वेळी सारखा नसतो. डाव्या तळहातावर रायफल नुसती ठेवा, बोटं मिटू नका. खांद्याला हलकीच लावा. तिला मागं-पुढं जाऊ द्या. माझ्या ४० मिमीतले निम्मे इथंच गेले.

बाकीचे सापळे भराभर सांगतो. दस्त्याचे स्क्रू धक्क्यांनी ढिले होतात, दर सरावाआधी बघा. बॅरल बिजागरीवर खाली वळवून भरायची रायफल असेल तर बिजागरीत हालचाल आहे का ते बॅरल बाजूला हलवून तपासा. छर्ऱ्याशिवाय चाप ओढू नका, हवेचा अडसर नसताना पिस्टन सरळ धातूवर आदळतो. नळीत तेलाचे थेंब सोडू नका. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं तेल पेटतं, मोठा आवाज होतो, धूर निघतो, वेग मनमानी होतो आणि स्प्रिंगची वाट लागते.

छर्रा भरताना बॅरल दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवा आणि चापाजवळ बोट नेऊ नका. उघड्या बॅरलला चाप ओढला गेला तर ते झटक्यात मिटतं. बॅरल कायमचं वर वाकतं. मध्ये बोट असेल तर बोटाचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

६. सिलिंडरच्या रायफलचा दाब बघा

हिला धक्का नगण्य. हिचा वेग दाबावर अवलंबून असतो. रेग्युलेटर, म्हणजे दर शॉटला सारखाच दाब सोडणारा भाग, चांगला असेल तर दाब उतरत गेला तरी वेग सारखा राहतो. नसेल तर वेग आधी चढतो, मग काही वेळ स्थिर राहतो आणि शेवटी पडतो. सिलिंडर भरून साठ छर्रे मारा, दर पाचव्याचा वेग आणि काट्यावरचा दाब लिहा. वेग स्थिर असलेला टप्पा सापडला की त्याच्या दोन्ही टोकांना वहीत रेघ मारा, आणि त्या टप्प्यातच सराव करा.

भरायची ती फक्त कोरडी हवा. ऑक्सिजन कधीही नाही, आतल्या ग्रीसशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो. सिलिंडरवरची वैधतेची तारीख बघा, स्पर्धेतही ती तुमचीच जबाबदारी असते. हातपंपानं भरत असाल तर थोडं भरा, पंप थंड होऊ द्या, साचलेलं पाणी सोडा, मग पुढं भरा.

७. ग्रुप मारून छर्रे ठरवा

ज्वारीच्या पिशवीवर रायफल टेकवा. एका प्रकारच्या छर्ऱ्यांचे पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप मारा, प्रत्येक वेगळ्या कागदावर. दोन प्रकारांच्या मध्ये दहा-पंधरा छर्रे नुसते मारून टाका, आधीच्या शिशाचा थर जाऊन नव्याचा बसायला तेवढे लागतात. मग व्हर्नियरनं ग्रुपच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. पाचही ग्रुपची सरासरी काढा.

सर्वात सुंदर ग्रुप भिंतीवर लावायची इच्छा होते. लावा, पण निर्णय सरासरीवर घ्या. तीन शॉटचा एक ग्रुप बघून डब्यांचा गठ्ठा आणणारे माझ्याकडं वर्षाला दोघे-तिघे येतात, आणि त्यातल्या बहुतेकांना त्या डब्या पुढं कुणाला तरी द्याव्या लागतात.

८. कागद वाचायला शिका

भोकं वर-खाली एका रेषेत लांबली असतील तर आधी वेग बघा: दाब, छर्ऱ्याचं वजन, लॉट. स्प्रिंगच्या रायफलमध्ये धरण्याचा जोरही बघा.

भोकं आडवी पसरली असतील तर रायफल कलते आहे का, किंवा चाप ओढताना बोट बाजूला ढकलतंय का ते पाहा. १७० च्या रायफलला ५ अंशांचा कल १० मीटरवर सुमारे १.५ मिमी देतो, ज्या बाजूला कलली त्याच बाजूला.

चार एकत्र आणि एक दूर, असं वारंवार झालं तर छर्ऱ्याची कड.

दोन वेगळे पुंजके पडत असतील तर काहीतरी ढिलं आहे: साइट, दस्ता, बिजागरी.

सगळीकडंच विखुरलं असेल, आणि स्क्रू, छर्रे, धरणं सगळं तपासून झालं असेल, तर बॅरलचं तोंड. पुढच्या पायरीत सांगतो.

शॉट सुटला तरी डोळा साइटवरून हलवू नका. चाप सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंतचे मिलिसेकंद तुम्हाला कळत नाहीत, पण डोकं वर उचलायची घाई त्याआधीच अंगात सुरू झालेली असते. मनात "एक" म्हणेपर्यंत तसंच थांबा.

९. बॅरलची निगा

तोंडाची आतली कड हा बॅरलचा सगळ्यात नाजूक भाग. छर्रा शेवटचा स्पर्श तिथं करतो. कान साफ करायची कापसाची काडी आत घालून, कडेला टेकवत फिरवा. कापसाचे धागे एकाच जागी अडकले तर तिथं खाच आहे. ती घरी कानशीनं घासू नका, लेथवर काम करणाऱ्या जाणकाराकडं द्या.

सफाई शक्यतो मागून पुढं करा. लोखंडी सळई पुढून घालणं हेच बहुतेक खाचांचं कारण असतं. मी नायलॉनच्या दोरीनं फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) गोळी ओढतो, मागच्या बाजूनं, तीन-चार वेळा, शेवटची कोरडी निघेपर्यंत. किती छर्ऱ्यांनी साफ करायचं याचा ठरलेला आकडा मी पाळत नाही. ग्रुपची सरासरी वाढली की करतो. सफाईनंतरचे पहिले पंधरा-वीस छर्रे इकडं-तिकडं जातात, त्यावरून साइट फिरवू नका.

पावसाळ्यात नदी चढली की गोदामाच्या भिंतीसुद्धा घाम गाळतात. त्या चार महिन्यांत रायफल स्पंजच्या केसमध्ये बंद ठेवू नका, स्पंज ओल धरतो आणि बॅरलवर लाल ठिपके उमटतात. कोरड्या कपाटात उभी ठेवा, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या, आणि बाहेरून तेलाचा हात फिरवलेलं फडकं. आतून तेल लावलंच, तर मारण्याआधी फेल्टच्या दोन गोळ्या ओढून ते पूर्ण काढा. वहीत तारीख टाका. गेल्या जूनमध्ये मी ती टाकायला विसरलो, आणि ऑगस्टमध्ये पहिला छर्रा धूर काढत ३० मिमी वर लागला.